साखर, पाणी आणि आतड्याचं अस्तर



या व्याख्यानमालेच्या संयोजकांनी मला सुचवलेला विषय मधुमेहाचा होता. मी त्यांना विनंती केली की मधुमेहावर इतर कोणीही बोलेल, मला साखर आणि आतडं यांवर बोलू द्या. त्याला कारण आहे. गेली काही वर्षं दोन वाक्यं माझ्या कानावर सतत येतात. पहिलं असं की साखर खाल्ली की आतड्याला भोकं पडतात, त्यातून विष रक्तात जातं आणि सगळे रोग तिथून सुरू होतात. हे वाक्य मोबाइलवरून येतं, व्हिडिओतून येतं, आणि त्याच्याखाली एखादी पावडर विकायला असते. दुसरं वाक्य दवाखान्यात ऐकू येतं. लेकराला जुलाब लागलेत, डोळे खोल गेलेत, आणि आई सांगते, ‘साखर-मिठाचं पाणी दिलं नाही डॉक्टर, साखरेनं पोट आणखी बिघडतं म्हणतात.’

पहिल्या वाक्यात थोडं सत्य आहे. पण ते अर्धवट समजल्यामुळे दुसरं वाक्य तयार होतं, आणि त्याने लेकराचा जीव जाऊ शकतो. आज मला या दोहोंमधलं खरं काय ते मांडायचं आहे.

आधी आतड्याचं अस्तर म्हणजे काय ते पाहू. आपल्या लहान आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे बारीक उंचवटे असतात आणि त्यांच्यावर पेशींचा एकच थर असतो. एकच. खाल्लेलं अन्न, पोटातले अब्जावधी जिवाणू आणि आपलं रक्त यांच्यामध्ये एका पेशीच्या जाडीएवढं अंतर आहे. या पेशी चार-पाच दिवसांत झडतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. पचनमार्गाचं हे सगळं अस्तर पसरलं तर साधारण ३० चौरस मीटर भरतं, असं स्वीडनच्या संशोधकांनी २०१४ साली मोजून सांगितलं.

तुमचं कनेरगाव नाका हे गाव मराठवाडा आणि विदर्भाच्या शिवेवरचं. एके काळी निजामाचा मुलूख इथे संपायचा आणि वऱ्हाड सुरू व्हायचा. नाक्यावरून काय जातं, कोणत्या वाटेने जातं, हे या गावाला वेगळं सांगायला नको. आतड्याच्या नाक्यावरही दोन वाटा आहेत. एक थेट पेशीतून जाते. तिथे प्रत्येक मालाचा दरवाजा ठरलेला असतो. दुसरी वाट दोन पेशींच्या मधून जाते आणि ती घट्ट सांध्यांनी आवळलेली असते. हे सांधे ज्या प्रथिनांचे बनतात, त्यांतली ऑक्लुडिन आणि क्लॉडिन ही प्रमुख प्रथिनं जपानच्या शोइचिरो त्सुकिता यांच्या प्रयोगशाळेने १९९३ आणि १९९८ साली शोधली. सांधे कधीच पूर्ण बंद नसतात. पाणी आणि मीठ त्यांतून जातच असतं. मोठे रेणू आणि जिवाणूंचे तुकडे मात्र अडायला हवेत. तेव्हा ‘आतडं गळतं का’ या प्रश्नाला अर्थ नाही, कारण थोडं झिरपणं हे त्याचं कामच आहे. किती झिरपतं आणि काय झिरपतं, ते विचारायला हवं.

हे मोजायचं कसं? गंमत अशी की तेही साखरेनेच मोजतात. लॅक्टुलोज नावाची एक मोठी साखर आणि मॅनिटॉल नावाचा साखरेच्याच नात्यातला एक लहान रेणू माणसाला पाण्यातून पाजतात आणि पुढचे काही तास लघवी गोळा करतात. शरीराला दोन्हींचा काही उपयोग नसल्यामुळे आत शिरलेलं लघवीवाटे बाहेर पडतं. लहान रेणू सहज जातो. मोठा जास्त सापडायला लागला तर समजायचं की सांधे सैल झालेत. गांबियातल्या लहान मुलांवर ही चाचणी करून १९९१ साली एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की मुलांची वाढ खुंटण्यातला सुमारे ४३ टक्के फरक आतड्याच्या या झिरपण्याशी जोडता येतो. आणि ती मुलं मिठाई खाऊन आजारी पडलेली नव्हती. घाण पाणी, पुन:पुन्हा होणारे जुलाब, अपुरं अन्न अशी त्यांची कथा होती. हा मुद्दा मी पुढे पुन्हा घेणार आहे, कारण आपल्या भागाशी त्याचा संबंध फार जवळचा आहे.

आता पटकीची गोष्ट, म्हणजे कॉलऱ्याची. जुन्या वैद्यकाचा समज होता की पटकीत आतड्याचं अस्तरच सोलून निघतं आणि म्हणून सगळं पाणी वाहून जातं. तसं असतं तर तोंडाने काही पाजण्यात अर्थच नव्हता. १९५९ साली दोन ठिकाणी हा समज हलला. कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी दाखवलं की जिवाणू नसले तरी त्यांचं विष एकटं आतड्यात पाणी सोडायला लावतं. त्याच वर्षी आपल्या मुंबईत, परळच्या हाफकिन संस्थेत, एन. के. दत्त, एम. व्ही. पानसे आणि डी. आर. कुलकर्णी यांनी सशाच्या पिल्लांवर प्रयोग करून पटकीच्या विषाचं काम दाखवलं. डे यांचं नाव निदान विज्ञानाच्या पुस्तकांत येतं. परळच्या या तिघांचं नाव मराठी माणसालाही माहीत नाही, याची मला खंत वाटते, म्हणून आज ते मुद्दाम घेतलं. पुढे बँकॉकमध्ये रुग्णांच्या आतड्याचे तुकडे काढून तपासले, तेव्हा अस्तर जागच्या जागी असल्याचं दिसलं. पाणी वाहत होतं, पण भिंत उभी होती.

भिंत उभी असेल तर दरवाजेही असणार. १९६० साली प्राग इथल्या परिषदेत रॉबर्ट क्रेन यांनी मांडलं की ग्लुकोज पेशीत एकटं शिरत नाही, ते सोडियमला, म्हणजे मिठातल्या घटकाला, सोबत घेऊन शिरतं. दोघं आत गेले की पाणी मागोमाग जातं. पटकीचं विष या दरवाजाला हात लावत नाही. जुलाबात साखर आणि मीठ एकत्र का द्यायचं, त्याचं सगळं उत्तर इथे आहे. नुसतं मीठ दिलं तर ते शोषलं जात नाही, आणि नुसत्या साखरेने भागत नाही.

१९७१ साली बांगलादेशच्या लढाईतून पळालेले निर्वासित सीमेवरच्या बनगावच्या छावणीत आले आणि पटकी पसरली. सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांचं मिश्रण पिशव्यांत भरून घेतलं, ते पाण्यात कालवून पिंपांत ठेवलं आणि नातेवाइकांनाच रुग्णाला पाजायला सांगितलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. महालनबीस २०२२ साली गेले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. आपण ज्याला जलसंजीवनी म्हणतो, तिचा पाया हा असा घातला गेला.

इथे टेबलावर मी दोन बाटल्या ठेवल्यात. पहिलीत एक लिटर पाणी आणि त्यात आरोग्य केंद्रातलं ओआरएसचं एक पाकीट कालवलंय. त्यात ग्लुकोज आहे साडेतेरा ग्रॅम, म्हणजे सपाट तीन चहाचे चमचे. दुसरी बाटली बसस्टँडवर मिळणाऱ्या थंड पेयाची, ६०० मिलिलिटरची. तिच्यावरचं लेबल वाचा. शंभर मिलिलिटरला साडेदहा ग्रॅमच्या पुढे साखर, म्हणजे पूर्ण बाटलीत साठ ग्रॅमहून जास्त. ती या ताटलीत काढून ठेवलीय. पुढच्या रांगेतल्या मुलींनो, या आणि चमच्याने मोजा. बारा-तेरा चमचे भरतील.

जुलाब लागलेल्या लेकराला ही दुसरी बाटली दिली तर काय होतं? आतड्यात एवढा घट्ट पाक उतरला की शरीर तो पातळ करण्यासाठी रक्तातलं पाणी आतड्यात ओढतं. जुलाब वाढतात, लेकरू आणखी सुकतं. पाकीट बनवणाऱ्यांनी त्या द्रावणाची घनता रक्तापेक्षा किंचित कमी ठेवली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली जुनं प्रमाण बदलून साखर आणि मीठ दोन्ही आणखी कमी केलं, ते याच कारणाने. साखर तीच आहे. एका बाटलीत ती पाण्याला आत घेऊन जाते आणि दुसऱ्या बाटलीत बाहेर ओढते.

यात एक भयंकर घोळ अनेक वर्षं चालला. औषधाच्या दुकानात टेट्रापॅकमध्ये गोड पेयं मिळायची, त्यांच्या नावात ओआरएस ही अक्षरं ठळक असायची आणि आत प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त साखर. आई-बाप ते औषध समजून लेकराला पाजायचे. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षं झगडा दिला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ओआरएस वापरण्यावर बंदी घातली. एकट्या बाईने एवढं केलं. तुम्ही घेताना तरी पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का, ते वाचून घ्या.

सलाईनबद्दलही बोलायला हवं. आपल्याकडे पेशंट आला की नातेवाईक आधी म्हणतात, ‘डॉक्टर, सलाईन लावा, अंगात ताकद येईल.’ उलटी थांबत नसेल, रोगी बेशुद्ध असेल, फार सुकला असेल, तर सलाईन लागतंच. पण जो पिऊ शकतो त्याच्यासाठी तोंडाची वाट सलाईनपेक्षा कमी नाही. सलाईनच्या बाटलीवर खर्च केला म्हणजे आपण लेकरासाठी काहीतरी केलं, ही भावना मी समजू शकतो. पण तासभर मांडीवर घेऊन चमच्या-चमच्याने पाजणं हे त्याहून मोठं काम आहे.

आता साखरेची दुसरी बाजू. तीही तितकीच खरी आहे.

इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी २०१८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात उंदरांवरचं काम प्रसिद्ध केलं. ज्या उंदरांच्या रक्तात साखर सतत वाढलेली होती, त्यांच्या आतड्याचे सांधे सैल झाले आणि जिवाणूंचे अंश आत शिरू लागले. इन्सुलिन देऊन साखर उतरवली की अस्तर सावरलं. लक्ष द्या, इथे नुकसान करणारी साखर ताटातली नव्हती, रक्तातली होती. ती रक्ताच्या बाजूने पेशीत शिरून तिचं आतलं काम बिघडवत होती. माणसांतही ज्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर जास्त, त्यांच्या रक्तात जिवाणूंचे अंश जास्त सापडले, लठ्ठपणाशी मात्र तसा संबंध दिसला नाही. म्हणून माझं मत असं की आतड्याची काळजी असेल तर आधी रक्तातली साखर तपासा. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि त्याच्या उंबरठ्यावर आणखी १३ कोटींहून जास्त उभे आहेत. त्यांतल्या कित्येकांना ते ठाऊकच नाही.

मोठ्या आतड्यातली कथा वेगळी. तिथे अस्तरावर बुळबुळीत श्लेष्माचा थर असतो आणि जिवाणूंना पेशीपासून लांब ठेवणं हे त्याचं काम. अमेरिकेत डॅलसच्या संशोधकांनी २०२० साली उंदरांना काही दिवस दहा टक्के साखरेचं पाणी पाजलं. म्हणजे जवळपास या दुसऱ्या बाटलीएवढं गोड. श्लेष्मा खाणारे जिवाणू वाढले, थर पातळ झाला, आणि नंतर आतड्याला इजा करून पाहिली तेव्हा या उंदरांना फार जास्त त्रास झाला. त्याआधी, २०१६ साली, महेश देसाई, एरिक मार्टेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की जिवाणूंना चोथा मिळाला नाही की ते आपल्या श्लेष्मावर तोंड टाकतात. भूक लागली की ते घरातलंच खातात.

हे ऐकलं की मला ज्वारी आठवते. शंभर ग्रॅम ज्वारीत तंतू साधारण १० ग्रॅम असतात, मैद्यात ३ ग्रॅमही नाहीत. हे तंतू आपल्याला पचत नाहीत, ते मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचं अन्न. त्यातून ते ब्युटिरेट नावाचं एक आम्ल तयार करतात आणि तिथल्या अस्तराच्या पेशी त्याच्यावर जगतात. आपल्या आजीच्या ताटात भाकरी, ठेचा, अंबाडीची भाजी, वरण असायचं आणि सणाला पुरणपोळी. आज लेकराच्या हातात सकाळी चहा-बिस्किट, दुपारी पाच रुपयांचं पाकीट, संध्याकाळी थंड पेय. या लेकराच्या आतड्याचं नुकसान दुहेरी आहे. साखर वाढली, आणि जिवाणूंच्या तोंडचा घास गेला. माझ्या मते दुसरं नुकसान मोठं, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही.

फळसाखरेचं, म्हणजे फ्रुक्टोजचं, थोडक्यात सांगतो. आपली साखर अर्धी ग्लुकोज आणि अर्धी फ्रुक्टोज असते. प्रिन्स्टनच्या २०१८ च्या कामात उंदरांत दिसलं की थोडं फ्रुक्टोज लहान आतडंच निस्तरून टाकतं. एकदम जास्त आलं की ते उरतं, यकृताकडे आणि मोठ्या आतड्याकडे जातं. पोटात आधी अन्न असेल तर आतडं जास्त निस्तरतं. पुढे २०२० साली कॅलिफोर्नियातल्या मायकेल कॅरिन यांच्या गटाने उंदरांत दाखवलं की सतत भरपूर फ्रुक्टोज मिळालं तर अस्तराचे सांधे ढिले होतात, जिवाणूंचं विष यकृतात पोचतं आणि तिथे चरबी साठते. हे सगळं उंदरांतलं आहे, माणसाला जसंच्या तसं लावता येणार नाही. तरी जेवणानंतरचा चमचाभर शिरा आणि उपाशीपोटी घटाघटा प्यायलेली बाटली यांत फरक करायला एवढं पुरेसं आहे. गुळाबद्दल विचाराल. गुळात मुख्यतः हीच साखर असते. आतडं तिला ओळखतं, तिचा रंग पाहत नाही.

आता गांबियाच्या लेकरांकडे परत येतो. खेड्यातल्या आतड्याचं सर्वांत जास्त नुकसान कशाने होतं, असं मला कोणी विचारलं तर मी साखरेचं नाव पहिलं घेणार नाही. दूषित पाणी पहिलं. त्यानंतर दारू. आणि मग अंगदुखीच्या गोळ्या. या गोळ्या आतड्याचं अस्तर झिरपतं करतात, हे १९८० च्या दशकापासून ठाऊक आहे. ऊसतोडीला जाणारा माणूस पहाटे उपाशीपोटी गोळी घेतो, दिवसभर उन्हात मोळ्या वाहतो आणि रात्री पुन्हा गोळी. उन्हातली कष्टाची कामं मुळातच आतड्याचा रक्तपुरवठा कमी करतात आणि सांधे सैल करतात, त्यात ही भर.

याच संदर्भात मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा एक प्रयोग ऑस्ट्रेलियात, मोनॅश विद्यापीठात झाला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात खेळाडूंना उष्ण खोलीत दोन तास पळवलं. नुसतं पाणी पिणाऱ्यांच्या आतड्याला इजा झाल्याच्या खुणा रक्तात दिसल्या. ज्यांनी पळताना थोड्या-थोड्या वेळाने ग्लुकोजचं पाणी घेतलं, त्यांना ती इजा फार कमी झाली. म्हणजे राबणाऱ्या शरीरात, उन्हात, थोडी-थोडी साखर अस्तराला सांभाळते. गादीवर बसून दिवसातून सहा वेळा गोड चहा पिणाऱ्या दुकानदाराला आणि ज्वारी काढणाऱ्या बाईला साखरेचा एकच नियम लावणं चूक आहे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, जमलं तर ५ टक्के. म्हणजे साधारण ५० ग्रॅम, जमलं तर २५. दुकानदाराने ही मर्यादा पाळावीच.

हा जिल्हा उसाचा आहे, वसमतला पूर्णा साखर कारखाना आहे, इथल्या अनेकांची चूल उसावर पेटते. मी ऊस पिकवणाऱ्याच्या विरोधात बोलत नाही. शाळेच्या दारात थंड पेयं विकायला नकोत, एवढं मात्र ठामपणे म्हणतो. सीबीएसईने मे २०२५ मध्ये आपल्या शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितलं, कोणत्या पदार्थात किती साखर ते मुलांना दिसावं म्हणून. जिल्हा परिषदेच्या शाळांनी वरून आदेश येण्याची वाट पाहू नये. एक खडू आणि एक फळा पुरतो.

आणि ‘गळकं आतडं’ दुरुस्त करणाऱ्या पावडरी, झोन्युलिन नावाच्या महागड्या रक्तचाचण्या? बाजारातले झोन्युलिनचे काही संच भलतंच प्रथिन मोजतात, हे संशोधकांनी दाखवून दिलंय. त्यावर घालवायचे पैसे भाजीला घाला.

पाऊस पडला की विहिरीचं, हातपंपाचं पाणी गढूळ होईल आणि गॅस्ट्रो येईल. त्याआधी आशाताईंकडून ओआरएसची दोन पाकिटं आणि झिंकच्या गोळ्या घरात आणून ठेवा. पूर्ण पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घाला. चिमूटभर ग्लासात टाकून उरलेलं ठेवू नका, त्याने प्रमाण चुकतं. कालवलेलं पाणी २४ तासांनंतर टाकून द्या. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. घरची साखर निम्मीच ग्लुकोज असल्यामुळे ती जास्त लागते. अंगावरचं दूध बंद करू नका, जेवण बंद करू नका. झिंक १४ दिवस द्या, जुलाब थांबले तरी. घरातल्या मधुमेही माणसाला जुलाब झाले तर त्यालाही ओआरएस द्या, फक्त साखर तपासत राहा. आणि लेकरू पीत नसेल, सुस्त पडलं असेल, शौचात रक्त असेल किंवा सहा तास लघवी झाली नसेल, तर सकाळची वाट न पाहता त्याला दवाखान्यात घेऊन निघा, आणि वाटेतही पाजत राहा.